खुर्ची सोडली, पण हिशेब?



टीव्हीवर एखाद्या मंत्र्याच्या राजीनाम्याची बातमी आली की आपल्या बचत गटाच्या बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "चला, राजीनामा दिला ना, झालं!" आणि दुसरी लगेच म्हणते, "कसलं झालं गं, दोन वर्षांनी बघ, परत खुर्चीत." दोघींचंही बोलणं अनुभवातून आलेलं असतं. म्हणून आज आपण या राजीनाम्याचीच गोष्ट समजून घेणार आहोत. पुढारी पद सोडतो म्हणजे नेमकं काय सोडतो? आणि ज्या बाईनं तक्रार केलेली असते, तिच्या पदरात त्यातून काय पडतं?

आधी हे लक्षात ठेवू, की पद सोडणारा प्रत्येक जण काही वाईट वागलेला नसतो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले आणि वय झालं म्हणून २०१९ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. अशी माणसं मानानं बाजूला होतात. आज आपल्याला बोलायचं आहे ते आरोप झाल्यावर खुर्ची सोडणाऱ्यांबद्दल.

पहिला प्रश्न विचारायचा तो असा: सोडली ती कुठली खुर्ची? मंत्रिपद वेगळं आणि आमदारकी वेगळी. मंत्रिपद मुख्यमंत्र्यांच्या मर्जीनं मिळतं, आमदारकी आपल्या मतांनी मिळते. बहुतेक वेळा राजीनामा दिला जातो तो फक्त मंत्रिपदाचा.

दोन उदाहरणं बघू. २०२१ च्या फेब्रुवारीत पुण्यात एका तरुणीचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात आरोप झाल्यावर तेव्हाचे वनमंत्री संजय राठोड यांनी २८ फेब्रुवारीला मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आरोप त्यांनी नाकारले आणि त्यांच्यावर कुठलाही गुन्हा शाबीत झालेला नाही. पण लक्षात घ्या, आमदार ते राहिलेच, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा मंत्रीही झाले. दुसरं उदाहरण बीड जिल्ह्यातलं. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. पवनचक्कीच्या कंपनीकडे खंडणी मागण्याच्या वादातून हे घडलं, असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. आरोपपत्रात मुख्य आरोपी म्हणून ज्यांचं नाव आलं, ते वाल्मिक कराड मंत्री धनंजय मुंडे यांचे निकटचे मानले जात. ४ मार्च २०२५ ला मुंडे यांनी मंत्रिपद सोडलं. तब्येतीचं कारणही त्यांनी दिलं. परळीची आमदारकी मात्र कायम राहिली.

आता आमदारकी किंवा खासदारकी जाते कधी? एक तर त्यानं स्वतः सभागृहाच्या अध्यक्षांकडे राजीनामा दिला आणि तो त्यांनी स्वीकारला तर. हा राजीनामा स्वखुशीनं दिला आहे, कुणी दाब देऊन घेतलेला नाही, याची खात्री अध्यक्षांनी करायची असते. दुसरं, न्यायालयानं गुन्ह्यात दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा ठोठावली तर. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अशी शिक्षा झाली की सदस्यत्व लगेच जातं. नागपूर जिल्हा बँकेच्या घोटाळ्यात पाच वर्षांची शिक्षा झाल्यावर २०२३ च्या डिसेंबरमध्ये सावनेरचे आमदार सुनील केदार यांची आमदारकी अशीच गेली. तिसरं, सभागृहानंच बाहेर काढलं तर.

हा तिसरा रस्ता फार थोड्या वेळा वापरला गेला आहे. १९५१ साली मुंबईचे एक खासदार होते, एच. जी. मुदगल. मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन ते संसदेत प्रश्न मांडतात, असा आरोप झाला. पंडित नेहरूंनी स्वतः चौकशी समिती नेमण्याचा ठराव मांडला. समितीनं त्यांना दोषी धरलं. सभागृह आता हाकलणार हे दिसल्यावर मुदगल यांनी राजीनामा पुढे केला. पण संसद तेवढ्यावर थांबली नाही. हा माणूस हाकलण्याच्याच लायकीचा होता, आणि राजीनाम्याच्या पत्रात त्यानं जे लिहिलं त्यानं त्याचा दोष वाढलाच, असा ठराव संसदेनं केला. म्हणजे निघून गेलेल्या माणसाचाही हिशेब कागदावर ठेवला. पुढे २००५ च्या डिसेंबरमध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतले म्हणून ११ खासदार एकदम काढले गेले. त्यात आपल्या खानदेशातले जळगाव आणि एरंडोलचे खासदारही होते.

मैत्रिणींनो, हा मुदगलांचा किस्सा आम्ही मुद्दाम सांगितला. राजीनामा आला म्हणून चौकशी थांबवायची नसते, हे आपल्या संसदेला सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. पण ते प्रकरण पैशाचं होतं. बाईच्या तक्रारीचं काय?

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रात परराष्ट्र राज्यमंत्री असलेले एम. जे. अकबर यांच्यावर अनेक महिला पत्रकारांनी आरोप केले. ते संपादक असताना त्यांच्या हाताखाली किंवा त्यांच्यासोबत काम करताना आपल्याला त्रास झाला, असं त्या म्हणाल्या. अकबर यांनी आरोप नाकारले, १७ ऑक्टोबरला मंत्रिपद सोडलं आणि पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर बदनामीचा खटला भरला. म्हणजे बोलली ती बाईच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. सव्वादोन वर्षं तिनं न्यायालयाच्या फेऱ्या मारल्या. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या न्यायालयानं तिला निर्दोष सोडलं आणि सांगितलं, की बाईला आपली तक्रार कितीही वर्षांनी मांडता येते, त्यासाठी तिला शिक्षा करता येणार नाही. अकबर यांनी या निकालाविरुद्ध अपील केलं. दरम्यान राज्यसभेची खासदारकी त्यांनी २०२२ मध्ये मुदत संपेपर्यंत भोगली.

आपल्याकडेच असं होतं असं नाही. ऑस्ट्रेलियात २०२१ साली संसदेत काम केलेल्या एका तरुणीनं जाहीरपणे सांगितलं, की मंत्र्याच्या कार्यालयातच सहकाऱ्यानं तिच्यावर बलात्कार केला. देशभर बायका रस्त्यावर आल्या. चौकशी अहवालात निघालं, की तिथं काम करणाऱ्या दर तीन माणसांमागे एकाला लैंगिक छळ सोसावा लागला आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. त्या सुमारास काही खासदार वादात सापडून गेले, काही निवृत्त झाले. पण त्यांच्या जाण्यापेक्षा मोठं काम पुढे झालं. संसदेत काम करणाऱ्यांसाठी तक्रार नोंदवण्याची वेगळी व्यवस्था झाली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून खासदारांच्या वागणुकीची चौकशी करणारा स्वतंत्र आयोग सुरू झाला. माणसं गेली त्याबरोबर नियमही बदलले.

आपल्याकडे नियम कुठून आला? तो एका खेड्यातल्या बाईमुळे आला. राजस्थानच्या भंवरीदेवी सरकारी योजनेत गावपातळीवर काम करत होत्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्या लढ्यातून १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा कायदा झाला.

या कायद्यातही एक फट आहे. पक्षाची कार्यकर्ती प्रचाराला जाते, सभेला बायका जमवते, सतरंज्या उचलते. पण २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं सांगितलं, की पक्ष आणि कार्यकर्ती हे मालक आणि नोकराचं नातं नाही, म्हणून पक्षानं तक्रार समिती नेमलीच पाहिजे असं बंधन नाही. मग पक्षातल्या बाईनं जायचं कुठे? पोलिसांकडे, किंवा पुढाऱ्याच्या दारात. मत मागायला कुठलाही पक्ष आपल्या वस्तीत आला, की आपण विचारायला हवं: तुमच्या पक्षात बायकांच्या तक्रारीसाठी समिती आहे का? त्यात बाहेरची बाई आहे का?

आता आपल्या भागाकडे येऊ. भोसरी, तळवडे, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, चाकण. खेड आणि मावळच्या गावांतून पहाटे बस पकडून आपल्या लेकीसुना कंपनीत जातात. बऱ्याच जणी ठेकेदारामार्फत लागलेल्या असतात. कॅन्टीन, साफसफाई, पॅकिंग, असेंब्ली लाइन. काही ठिकाणी ठेकेदार हाच गावातला पुढारी असतो, किंवा पुढाऱ्याचा माणूस असतो. सुपरवायझर वाईट बोलला, अंगचटीला आला, तर बाई गप्प बसते. तिला भीती असते ती उद्या गेटवर आपलं नाव नसण्याची. तक्रार करायची ती ठेकेदाराकडे, आणि ठेकेदाराला जाब विचारणारा गावात कुणी नाही, अशी तिची कोंडी होते.

त्या बाईनं हे लक्षात ठेवावं. दहा किंवा जास्त माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. समितीची अध्यक्ष बाईच असते, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेचा असतो. ठेक्यावरची, रोजंदारीची, शिकाऊ, सगळ्या बायका या कायद्यात येतात. कंपनीत ने-आण करणारी बससुद्धा कामाचं ठिकाण धरली जाते.

जिथं दहापेक्षा कमी माणसं आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथं जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. घरकाम करणाऱ्या बाईलाही तिच्याकडे जाता येतं. पुण्याला जायला जमत नसेल, तर ग्रामीण भागात प्रत्येक तालुक्याला यासाठी अधिकारी नेमायचा असतो. त्यानं तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची. तहसील कचेरीत किंवा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन तो अधिकारी कोण हे विचारून घ्या आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. उशीर व्हायला खरं कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. तोवर बाई बदली मागू शकते, किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागू शकते. समझोता करायचा तर तो बाईनं मागितला तरच, आणि पैसे देऊन मिटवणं कायद्याला मान्य नाही. गावकीत बसून "घे हे दहा हजार अन् सोड विषय" म्हणणाऱ्याला हे ठणकावून सांगता येतं. समितीच नेमली नाही, तर मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोलिसात जायचा रस्ता याहून वेगळा, आणि तो नेहमीच मोकळा असतो. तातडीला ११२ लावा, सल्ल्याला १८१.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत जाऊ. सुपरवायझर नोकरी सोडून गेला, तर कंपनी म्हणते, "गेला ना तो, आता कशाला?" मंत्र्यानं राजीनामा दिला की पक्ष हेच म्हणतो. पण मैत्रिणींनो, तो गेला म्हणजे काय झालं? तो शेजारच्या कंपनीत लागेल, तिथं दुसरी पोरगी असेल. मंत्री पुढच्या सरकारात येईल. तक्रारीचा निकाल कागदावर लागला नाही, तर तो दोषी होता की निर्दोष, हे कुणालाच कळत नाही. आरोप खोटा असेल तर त्याच्या माथ्यावरचा डाग राहतो. खरा असेल तर बाईच्या माथ्यावर राहतो, "हिच्यामुळे त्याची नोकरी गेली." म्हणून चौकशी पुरी होणं दोघांच्याही हिताचं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी राजीनाम्याची बातमी आली, की बैठकीत तीन प्रश्न विचारा. कुठलं पद सोडलं? चौकशी चालू आहे का, आणि ती कोण करतंय? तक्रार करणारी बाई आज कुठे आहे, तिचं काम टिकलं का? हेच तीन प्रश्न आपल्या पोरींच्या कंपनीतही विचारा. आणि या महिन्यात एवढं एक काम करा. गटातल्या ज्या ज्या बायका कामाला जातात, त्यांना सांगा, की गेटच्या आत समितीच्या सदस्यांच्या नावांचा फलक लागला आहे का ते बघून या. तो लावणं बंधनकारक आहे. नसेल तर एकटीनं विचारू नका. चौघी-पाचजणी मिळून विचारा.