लाल होण्याची वाट पाहिलीत, तर पत्रा गेला!

गणपतीच्या मखरासाठी लालबाग-परळमध्ये कुणी घरीच अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाकवायला घेतो. दोन-तीनदा वाकवला की तो तडकतो. असं का? ठोकून-वाकवून धातूच्या आतले स्फटिक ताणले जातात आणि पत्रा कडक होतो. साधारण ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला, की आत नवे स्फटिक तयार होतात आणि तो पुन्हा मऊ पडतो.

पण ३५० अंश ओळखायचे कसे? लोखंड लाल होऊन इशारा देतं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तरी दिवसाउजेडी तोवर लाल दिसत नाही. काही मिश्रधातू तर त्याआधीच वितळू लागतात.

उपाय मोरीत आहे: अंगाचा साबण! कोरड्या वडीने पत्र्यावर रेघ ओढा आणि गॅस टॉर्च उलट्या बाजूने सतत फिरवत राहा. ज्योत थेट साबणाला लागली, तर तो आधीच करपून फसवेल. रेघ गडद तपकिरी, जवळपास काळी झाली, की टॉर्च बंद. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. आधी तुकड्यावर करून पाहा.

काम मोकळ्या जागेत करा, रंग दिलेला पत्रा टाळा. आणि लगेच हात लावू नका. ३५० अंशांचा पत्राही थंड पत्र्यासारखाच दिसतो.