शेअरचा भाव आणि शेअरमागचा धंदा

मुंबईच्या शेअर बाजाराची रीतसर स्थापना 1875 साली झाली. परंतु नवख्या गुंतवणूकदारास द्यावयाचा पहिला धडा त्या शहराने त्यापूर्वीच दहा वर्षे देऊन ठेवला होता. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडून जाणारा कापूस अडला, आणि आपल्या मुलखातील कापसास असा भाव आला की मुंबईच्या पेढ्यांवर आलेला पैसा कोठे ठेवावा, हीच व्यापाऱ्यांस विवंचना पडली. मग बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या; त्यांपैकी बॅकबे कंपनीचा 5,000 रुपये भरणा झालेला शेअर 50,000 रुपयांच्या घरात जाऊन पोहोचला. ज्या जमिनीच्या भरवशावर हा भाव चढला, ती अद्याप बव्हंशी पाण्याखालीच होती, ही क्षुल्लक बाब फारशी कोणी मनावर घेतली नाही. 1865 च्या वसंतात युद्ध संपले, कापूस कोसळला, 1 जुलैला वायद्यांची मुदत भरली आणि देणी चुकविण्यास पैसा निघेना. ज्यांच्या शब्दावर बाजार हाले ते प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाले आणि बँक ऑफ बॉम्बेही वाचली नाही.

त्या वेळी लोकांनी भाव पाहिला, भावामागचा धंदा पाहिला नाही. आणि नवशिक्याने प्रथम शिकावयाचे ते हे दुसरे पाहणे होय. समजा, एका कंपनीचे 10 कोटी रुपयांचे भागभांडवल 10 रुपये दर्शनी मूल्याच्या 1 कोटी शेअरांत विभागलेले आहे, आणि कर वजा जाता तिला वर्षाकाठी 5 कोटी रुपये नफा होतो. प्रत्येक शेअरच्या वाट्यास 5 रुपये आले. त्यांतील काही लाभांश म्हणून भागधारकाच्या हाती पडतील, उरलेले धंद्यातच राहतील. हाच शेअर बाजारात 100 रुपयांस मिळत असेल, तर घेणारा मिळकतीच्या 20 पट किंमत मोजीत आहे, म्हणजे शंभरामागे पाचच रुपयांची कमाई विकत घेत आहे. बँकेतील मुदत ठेव बहुधा याहून अधिक देत असता शहाण्या माणसाने हा सौदा का करावा? एवढ्यासाठीच, की हे 5 रुपये काही वर्षांनी 10 किंवा 15 होतील अशी त्याची अपेक्षा असते.

ती अपेक्षा साधार आहे की ऐकीव, हे कंपनीच्या वार्षिक अहवालावरून पुष्कळसे कळते, आणि तो फुकट वाचावयास मिळतो. त्यातील अध्यक्षांचे छायाचित्र व त्याखालचा आशावाद खुशाल ओलांडून जावा. पण कर्ज किती, झालेला नफा रोखीने वसूल होतो की येणे म्हणून उधारीतच पडून राहतो, आणि लेखापरीक्षकाने कोणता शेरा मारला आहे, हे अवश्य पाहावे. प्रवर्तकांनी आपले शेअर कोठे तारण ठेवले आहेत काय, हेही शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर तपासावे. ज्यास एवढी सवड वा आवड नाही, त्याने निर्देशांकातील साऱ्या कंपन्यांत पैसा वाटून गुंतविणारा इंडेक्स फंड पत्करावा. त्यात कमीपणा मुळीच नाही.

तथापि तीस निवडक कंपन्यांचा सेन्सेक्स हा निर्देशांकदेखील आपटतो. 2008 च्या जानेवारीत 21,000 वर गेलेला हा निर्देशांक त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 8,000 च्याही खाली उतरला होता, आणि 21,000 चा आकडा पुन्हा गाठण्यास 2010 ची दिवाळी उजाडावी लागली. तेव्हा मुलीच्या लग्नाचा, घराच्या हप्त्याचा किंवा दोनतीन वर्षांत लागणारा कोणताही पैसा या बाजारात आणू नये. कर्जाऊ पैसा तर नाहीच नाही. वायदे आणि ऑप्शन, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरचे सौदे, यांपासून नवख्याने चार हात दूर राहावे, हे माझे मत भित्रेपणाचे वाटल्यास बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीची पाहणी पाहावी: 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत या सौद्यांत उतरलेल्या व्यक्तींपैकी 100 मागे 93 जणांना तोटाच झाला.

व्यवहाराची बाजू आता सोपी झाली आहे. कागदी प्रमाणपत्रे जाऊन 1996 पासून डीमॅट खाती आली, आणि खरेदी केलेले शेअर एरवी लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात जमा होतात. खाते मात्र सेबीकडे नोंदलेल्या दलालाकडेच उघडावे, मुखत्यारपत्रावर न वाचता सही करू नये, खात्रीच्या नफ्याची हमी देणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे, डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीकडून येणारे विवरणपत्र आपल्या हिशेबाशी ताडून पाहावे, आणि खाते उघडतानाच वारसाचे नामनिर्देशन करून घरच्या माणसांस त्याची कल्पना देऊन ठेवावी.