हाली, कलदार आणि चोख

आमच्या घरात हाली सिक्क्याचे सात रुपये आहेत. आजी दर लक्ष्मीपूजनाला ते चिंचेच्या कोळाने लख्ख घासून ताटात मांडायची. एका अंगाला चारमिनार, भोवतीच्या अक्षरांत ९२ चा आकडा (मुहम्मद या नावातल्या अक्षरांची बेरीज) आणि मधल्या कमानीत इवलासा ‘ऐन’, म्हणजे निजाम उस्मान अलीखानांचं आद्याक्षर. त्यांच्या वडिलांच्या, महबूब अलींच्या रुपयावर त्याच कमानीत ‘मीम’ असायचा. उर्दू शाळेत शिकलेले आजोबा हे वाचून दाखवायचे. आजीला त्यात रस नव्हता. तिला एवढंच पाठ होतं की सात हाली म्हणजे सहा कलदार.

हा हिशेब आम्हा उदगीरकरांच्या दोन पिढ्यांनी रोज केला. निजामाच्या राज्यात हाली चालायचा आणि इंग्रजी मुलखात कलदार. मुंबई-सोलापूरकडे माल पाठवायचा, तिकडून कापड आणायचं, तर दोन्हींची गाठ पडायचीच. व्यवहाराच्या कागदात रक्कम लिहिताना सिक्का कोणता तेही लिहावं लागे. सातास सहा हा भाव हुकमाने ठरला असेल असं मला बरेच दिवस वाटायचं. मग एकदा वजनं मांडून पाहिली. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी शेकडा ८१.८, म्हणजे चोख चांदी ९.१४ ग्रॅम. कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी शेकडा ९१.७, म्हणजे १०.६९ ग्रॅम. सात हालींत ६४ ग्रॅम चांदी भरते आणि सहा कलदारांतही ६४. दर सरकारी होता खरा, पण त्याला आधार धातूचाच होता. कलदार वजनाला बरोबर एक तोळा. त्यामुळे तोच ताजव्यात टाकला की वेगळं माप शोधायला नको.

दुसऱ्या महायुद्धात हा हिशेब बिघडला. इंग्रजांनी १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि निजामाच्या टांकसाळीनेही पुढे तीच वाट धरली. बाहेरून छाप तोच, आत निम्मं हीण. राणीछाप रुपये गाडग्यात गेले आणि नवे बाजारात फिरू लागले. वाईट नाणं चांगल्याला बाजारातून हाकलतं हे अर्थशास्त्रात शिकवतात. आमच्याकडे ते बायकांना शिकवावं लागलं नाही.

सप्टेंबर १९४८ मध्ये राज्य बदललं, पण हाली लगेच गेला नाही. १९५० पासून भारतीय रुपया त्याच्या जोडीने चालू लागला, १९५१ पासून हाली काढणं थांबलं आणि १९५९ मध्ये तो कायमचा रद्द झाला. मध्ये १९५६ ला हैदराबाद राज्यच मोडलं. बीदर जिल्ह्यातलं उदगीर उस्मानाबादेत आलं, १९८२ मध्ये लातूरचं झालं. कागदाची हाली नोट ज्यांनी वेळेत बदलून घेतली नाही त्यांच्या हाती रद्दी उरली. चांदीचा हाली मात्र रद्द होऊनही सराफाच्या काट्यावर चालतच राहिला. माझ्या मते या भागातल्या माणसाचा कागदापेक्षा धातूवर जो भरवसा आहे, त्याचं मूळ इथे आहे. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी आधी तीन जिल्हे आणि दोन सिक्के बदलून पाहावेत.

त्यातले बहुतेक रुपये मुशीत गेले. त्यांचे वाळे झाले, करदोडे झाले. पुतळीची माळ ही मूळची नाण्यांचीच माळ. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर माणसांच्या आकृती असत, म्हणून आपल्याकडे ती ‘पुतळी’ झाली. तांड्यावरच्या बंजारा बायकांच्या अंगावर तर रुपये, अधेल्या, पावल्या कडी लावून तशाच्या तशा राहिल्या. या मुलखातला उत्तम नाणेसंग्रह तोच म्हणावा लागेल.

सोन्यावर संकट आलं ते जानेवारी १९६३ मध्ये. चीनच्या युद्धानंतर मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं आणि चौदा कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. देशभर सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ च्या कायद्याने लगड बाळगणंच गुन्हा ठरवलं. तो कायदा जून १९९० पर्यंत टिकला. म्हणजे आज ज्याला आपण सहज ‘बिस्किट’ म्हणतो ते बावीस वर्षं घरात ठेवायची चोरी होती. लोकांनी सोनं दागिन्यात ठेवलं, मोडीच्या वेळी मजुरी आणि घट सोसली. पैसा गुंतवायचा म्हणून दागिना घेण्याची आपली खोड काही अंशी त्या कायद्याने पक्की केली.

याच काळातली एक गोष्ट अजून पारावर ऐकू येते. १९६५ च्या युद्धात निजामाने देशाला पाच टन सोनं दान दिलं म्हणे. माहितीच्या अधिकारात सरकारने दिलेलं उत्तर वेगळं आहे: सोनं ४२५ किलो, आणि तेही दान नव्हे तर साडेसहा टक्के व्याजाने राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण योजनेत ठेवलेलं. निजाम हिशेबाला पक्के होते, त्यात नवल नाही.

१९९० नंतर बंधनं सैल झाली. पुढच्या दशकात बँकांच्या काउंटरवर सीलबंद नाणी आली. दिसायला देखणी, शुद्धतेचं प्रमाणपत्र जोडलेलं. मीही दोन घेतली. विकायला गेलो तेव्हा कळलं की बँक नाणं विकते, परत घेत नाही. सराफाने सील फोडलं, कस लावला आणि मोडीचा भाव सांगितला. घेताना सीलसाठी मोजलेले जादा पैसे तिथेच राहिले. चूक माझीच. परत कोण घेणार हे घेतानाच विचारायला हवं होतं.

२०१५ मध्ये सरकारने अशोकचक्राचं नाणं काढलं आणि सुवर्णरोखेही. पहिल्या रोख्याचा भाव ग्रॅमला २,६८४ रुपये होता. आठ वर्षांनी त्याचे ६,१३२ मिळाले, वर व्याज. ना घट, ना मजुरी, ना चोराचं भय. तरी माझ्या ओळखीत तो घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सोयाबीन-तुरीचा पैसा आला की पाय सराफ्याकडेच वळायचे. फेब्रुवारी २०२४ नंतर नवे रोखे निघाले नाहीत, त्यामुळे आता हळहळून उपयोग नाही. एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक सक्तीचा झाला, ही मात्र ग्राहकासाठी या साऱ्या काळातली सगळ्यात मोठी सोय. १९६४ च्या सुमारास दहा ग्रॅमला साठ-पासष्ट रुपये असलेलं सोनं एप्रिल २०२५ मध्ये लाखाला टेकलं. चांदीने किलोमागे लाखाचा टप्पा त्याआधीच, २०२४ मध्ये गाठला होता.

भाव असा चढला की घराघरांतली गाडगी रिकामी होतात. साधा हाली रुपया दुर्मीळ नाही, त्याला चांदीच्या किमतीवर फार काही मिळत नाही. पण उस्मान अलींच्या सुरुवातीच्या, हिजरी १३२९-३० च्या रुपयांवर कमानीतला ‘ऐन’ तोकडा आहे, नंतरच्यांवर पूर्ण. संग्राहक हा फरक बघतात. निजामाची सोन्याची अश्रफी तर वेगळ्याच मोलाची. आमच्या सात रुपयांवरची अक्षरं आजीच्या चिंचेने निम्मी गेली आहेत, ते आता फक्त ६४ ग्रॅम चांदी उरलेत. तुमच्याकडे असतील तर घासू नका. मुशीत घालण्याआधी त्यावरचं साल कुणाकडून तरी वाचून घ्या. उर्दू वाचणारा माणूस उदगिरात शेजारीच सापडेल.