भिंतीवर जपलेली ओळख

मैत्रिणींनो, आफ्रिकेची कला म्हटलं की डोळ्यांसमोर लाकडी मुखवटे येतात, नाही का? पण दक्षिण आफ्रिकेतल्या एन्देबेले बायकांची कला पाहायची तर त्यांच्या घरांच्या भिंती पाहाव्यात.

१८८३ साली बोअर लोकांनी एन्देबेल्यांचा पराभव केला. जमिनी गेल्या, कुटुंबं पांगली, गोऱ्यांच्या शेतांवर वेठीला लागली. पुढे बायकांनी भिंती रंगवायला घेतल्या. पांढरा चुना, काळी काजळी, तांबडी-पिवळी माती; त्यातून ठसठशीत त्रिकोण नि चौकोन. परक्याला ती नुसती सजावट वाटे. आपल्या माणसाला मात्र लांबूनच कळे, हे आपल्यांचं घर!

ही विद्या आईकडून लेकीकडे येते. एस्थर माह्लांगू (जन्म १९३५) दहाव्या वर्षी आई-आजीकडून शिकल्या. कुंचला कोंबडीच्या पिसाचा. ना पट्टी, ना आधी आखणी, तरी रेघ कशी अगदी सरळ! १९९१ मध्ये त्यांनी बीएमडब्ल्यू मोटार रंगवली, तीही याच नक्षीने.

घर सजवणं आपण किरकोळ काम समजतो. पण बाकी सगळं गेलं, तेव्हा या बायकांनी आपली ओळख भिंतीवरच जपली, बरं का!