भंडाऱ्यातील निरंतर वैद्यकीय शिक्षण : एक मागोवा

पदवीनंतर डॉक्टरांचे ज्ञान ताजे राहावे म्हणून जे शिक्षण चालते, त्याला वैद्यकीय वर्तुळात 'सीएमई' म्हणतात. भंडारा जिल्ह्यातील डॉक्टरांना त्यासाठी नागपूरची वाट धरावी लागे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत भंडाऱ्याचेही महाविद्यालय असल्याने मागचा हिशेब मांडणे आवश्यक झाले आहे.

आरंभीचा काळ थोडक्यात सांगता येतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने पाच वर्षांत किमान ३० तासांच्या सीएमईची अपेक्षा ठेवली. पुढे महाराष्ट्र वैद्यक परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणाला क्रेडिट पॉइंट जोडले. तास मोजले गेले. कोणता आजार शिकावा, हे मात्र कोणी ठरवले नाही.

खरा बिघाड २०१० ते २०२० या दशकात झाला. डिसेंबर २००९ च्या दुरुस्तीने औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च आणि पाहुणचार घेण्यास डॉक्टरांना मनाई केली. परंतु २०१६ मध्ये डॉक्टरांच्या संघटनांना त्या कलमातून वगळण्यात आले आणि प्रायोजकांना मागचे दार मिळाले. ज्या आजाराची गोळी जन्मभर चालते, त्याच्या व्याख्यानाला प्रायोजक सहज मिळतो. सिकलसेल, हत्तीरोग, सर्पदंश हे धानपट्ट्यातील आजार मात्र मागे पडतात.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात स्क्रब टायफसने ही उणीव उघडी पाडली. गवत-झुडपांतल्या सूक्ष्म अळीच्या चाव्यातून हा ताप येतो. काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसू शकते. ती दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. कपडे बाजूला सारून डॉक्टरांनीच शोधावी लागते. खपली प्रत्येकाला येतेच असे नाही, म्हणून संशयही तितकाच महत्त्वाचा. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेवर दिल्यास रुग्ण वाचतो. उशीर झाल्यास फुप्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशी नजर रुग्णाच्या खाटेशी उभे राहूनच तयार होते.

कोविडच्या साथीनंतर वेबिनारची रीत रुळली. लाखांदूर-पवनीच्या डॉक्टरांची नागपूरची फेरी वाचली, ही मोठी सोय. पण अवघड रुग्णाची फाइल हातोहात फिरवत ज्येष्ठांशी वाद घालण्याची जुनी पद्धत मागे सरली. ती हानी पडद्यावरच्या व्याख्यानाने भरून निघत नाही.

२ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कंपनी-प्रायोजित शिक्षणात भाग घेण्यास बंदी घातली. अवघ्या तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ते नियम स्थगित झाले. प्रायोजकाविना शिक्षणाचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न तसाच राहिला.

तो खर्च शासनानेच उचलला पाहिजे. भंडाऱ्याच्या महाविद्यालयाने तुमसर, साकोली, पवनी येथील रुग्णालयांत रुग्णांसमोर वर्ग घ्यावेत. आवश्यक गुणांपैकी ठरावीक वाटा जिल्ह्यातील आजारांसाठी राखून ठेवावा. खासगी डॉक्टरांनाही तेथे विनाशुल्क प्रवेश असावा, कारण तापाचा रुग्ण बहुधा आधी त्यांच्याच दारात येतो.