उष्णता उपसणारा डबा

(लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण घरचा फ्रिज उघडून पाहिला. आज ज्याच्या आत चालत शिरता येतं अशा फ्रिजकडे वळू. द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव बसवंतहून न्हावाशेव्याकडे निघालेले पांढरे, चाळीस फुटी कंटेनर महामार्गावर दिसतात. एका टोकाला पंख्याची जाळी असते, तो रीफर. समुद्रावरची सेवा संपली, की यांतलेच काही शेतावर किंवा हॉटेलमागे हलवता येणारं शीतगृह म्हणून उभे राहतात.

हा डबा आत थंडी भरतो असं आपण म्हणतो खरं, पण तो आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो, विहिरीतून पाणी उपसावं तशी. बादलीचं काम शीतकारक द्रव्य करतं. अनेक रीफरमध्ये ते आर-१३४ए असतं. हवेच्या साध्या दाबाला ते उणे २६ अंशांवरच उकळतं. आतल्या कॉइलमध्ये उकळताना लागणारी उष्णता ते मालाभोवतीच्या हवेतून घेतं. कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, ती तापते, आणि बाहेरच्या कॉइलमध्ये पंख्याच्या वाऱ्यावर उष्णता सोडून तिचा पुन्हा द्रव होतो. बादली रिकामी झाली, की परत आत.

पण विहिरीला झरे असतात, तसे या डब्यालाही आहेत. पहिला भिंतींचा. तो अडवायला दोन पत्र्यांमध्ये सातेक सेंटीमीटर पफ (उष्णता अडवणारा फोम) भरलेला असतो. दुसरा दाराचा. त्याला रबरी गॅस्केट, आणि शेतावर प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा. तिसरा फळांच्या श्वासाचा, कारण तोडलेलं द्राक्षही श्वास घेतं आणि उष्णता सोडतं. चौथा, सगळ्यांत मोठा, गरम मालाचा. दहा टन द्राक्षं ३० अंशांवरून शून्यावर आणायची तर सुमारे ३०० युनिट (किलोवॅट-तास) उष्णता काढावी लागते. घरचा दीड टनी एसी तासाला पाचेक युनिट काढतो. म्हणजे त्याला साठ तास लागतील! म्हणूनच पॅकहाऊसमध्ये आधी प्रीकूलिंग करतात. पेट्यांच्या भोकांतून थंड वारा जोराने ओढून काही तासांत द्राक्षं गार केली जातात, मगच ती कंटेनरमध्ये चढतात. रीफरचं काम गार माल गार ठेवण्याचं.

आत शिरलात तर पायाखाली पाहा. जमीन गुळगुळीत नसते. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये सऱ्या असतात. उसाच्या सरीतून पाणी जावं तशी थंड हवा या सऱ्यांतून दारापर्यंत जाते, पेट्यांमधून वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परतते. भिंतीवर वरच्या बाजूला लाल रेघ दिसेल. तिच्यावर पेटी रचली, की हवेची परतीची वाट बंद होते आणि दाराजवळचा माल तापू लागतो.

जुना रीफर घ्यायचा विचार असेल, तर आधी दोन गोष्टी तपासा. एक, शेतावर थ्री-फेज वीज किती तास असते, आणि ती गेल्यावर जनरेटर आहे का. दुसरी जास्त महत्त्वाची. समुद्री कंटेनरची दारं फक्त बाहेरून उघडतात. त्यात माणूस कोंडून राहील असं ते बनवताना कुणी धरलेलंच नसतं. आतून उघडणारी कडी आधी बसवून घ्या, मगच वीज जोडा.