चंद्र एक, हिशेब दोन

रमजानचा महिना उतरणीला लागला, की एक प्रश्न हमखास कानावर येतो : ‘ईद नक्की कधी?’ कुणाला रजा टाकायची असते, कुणाला शीरखुर्म्यासाठी दूध सांगून ठेवायचं असतं. उत्तर मात्र ठरलेलं : ‘चांद दिसला की.’ ऐकणाऱ्याला ही टाळाटाळ वाटते. पण त्यामागे आकाशाचा चोख हिशेब आहे.

२९ की ३०?

एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी २९ दिवस, १२ तास, ४४ मिनिटं जातात. साडेएकोणतीस दिवसांचा महिना पाळायचा कसा? म्हणून तो कधी २९ दिवसांचा, तर कधी ३० दिवसांचा. २९व्या रोजाच्या संध्याकाळी पश्चिमेला कोर दिसली, तर दुसऱ्या दिवशी ईद. नाही दिसली, तर आणखी एक रोजा. महिना ३१ दिवसांचा मात्र कधीच होत नाही.

अमावास्येची वेळ गणिताने मिनिटापर्यंत सांगता येते. कोर दिसेल का, हे सांगणं अवघड. सूर्य मावळल्यावर ती बारीक रेघ थोडाच वेळ आभाळात टिकते आणि तेवढ्यात ढग आडवा आला की संपलं. शिवाय चंद्र रोज सूर्यापासून सुमारे १२ अंश दूर सरकतो. मक्केत सूर्य मुंबईपेक्षा दोन तासांहून जास्त उशिरा मावळतो. तेवढ्या वेळात कोर थोडी जाड होते, दिसायला सोपी होते. म्हणूनच अनेकदा आखातात नोकरीला असलेला मुलगा फोनवर ‘ईद मुबारक’ म्हणतो, तेव्हा कोकणातल्या घरी शेवटचा रोजा चालू असतो.

आणखी एक गंमत. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणून रमजानची तरावीहची नमाज पहिल्या रोजाच्या आदल्या रात्रीच होते आणि चांदरात ही ईदचीच रात्र असते.

अधिक महिन्याची करामत

चंद्राचे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सूर्याच्या वर्षापेक्षा ११ दिवस कमी. मराठी महिनेही चंद्राचेच; पण पंचांगकर्ते साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालून ही तूट भरून काढतात. म्हणून दिवाळी शरद ऋतू सोडत नाही. हिजरी सनात अधिक महिना नाही, त्यामुळे रमजान दर वर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मे महिन्याच्या काहिलीत पहिला रोजा धरणारं मूल वयाच्या पंचविशीत थंडीतले छोटे रोजे धरतं.

यातूनच गमतीचे योग येतात. २००० साली रमजान ईद जानेवारीतही आली आणि डिसेंबरातही. २०३० मध्ये रमजान दोनदा सुरू होईल : जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.

भिंतीवरचं कॅलेंडर पाहा

दोन्ही हिशेब चंद्राचेच असल्याने तिथ्यांची गाठ पडते. रमजान ईद शुक्ल पक्षातल्या बीजेच्या आसपास येते, शब-ए-बरात पौर्णिमेजवळ, तर बकरी ईद एकादशीच्या जवळपास. २०२५ मध्ये ३० मार्चला सकाळी घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या आणि त्याच संध्याकाळी ईदचा चांद दिसला.

हिजरी महिन्याची मराठी महिन्याशी जमलेली जोडी दोन-तीन वर्षं टिकते आणि अधिक महिना आला की सुटते. ईद-ए-मिलाद २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं गणेशोत्सवात आली, ती याच कारणाने. २०२६च्या अधिक ज्येष्ठाने ही जोडी सोडवली.

सण एकत्र आणणं चंद्राचं काम. ते निभावून नेणं माणसांचं. २९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असते. राज्यातल्या अनेक गावांतल्या मुस्लिमांनी नमाज त्या दिवशी पढली आणि कुर्बानी पुढच्या दिवसावर नेली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली, तेव्हा अनेक शहरांत जुलूस दुसऱ्या दिवशी निघाला. सरकारनेही सुट्टी २९ तारखेला दिली. यासाठी गणित लागलं नाही. शेजाऱ्याचा सण डोळ्यांपुढे असणं पुरलं.

नावांतले तारे

आकाश तर ओळखीच्या नावांतही उतरलं आहे. सुहेल म्हणजे आपला अगस्ति, व्याधाखालोखाल तेजस्वी तारा. सुरैया म्हणजे कृत्तिकांचा पुंजका; जुन्या हिंदी चित्रपटांतल्या गायिका-अभिनेत्री सुरैया यांच्या नावाचा अर्थ हाच. हिलाल म्हणजे नवी कोर, बद्र म्हणजे पूर्ण चंद्र. रोहिणीला जगभरात आल्डेबरान म्हणतात. हा शब्द अरबी, अर्थ ‘मागून येणारा’, कारण हा तारा कृत्तिकांच्या मागून उगवतो. मराठी नक्षत्रांच्या यादीतही कृत्तिकेमागून रोहिणीच येते.

चांद कसा पाहावा?

२९व्या रोजाच्या संध्याकाळी सूर्य जिथे मावळला, त्या जागेच्या थोडं वर पाहावं. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण तिकडे वळवू नये. कोरीची उजळ कड सूर्याच्या बाजूला असते आणि मार्चच्या सुमारास ती होडीसारखी आडवी दिसते. पुढच्या एक-दोन संध्याकाळी कोरीच्या कुशीतला अंधारा गोलही मंद राखाडी दिसतो. तो पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश. हे लिओनार्दो दा विंची याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ओळखलं होतं.

शिवरायांच्या राजमुद्रेत उपमा आहे ती प्रतिपदेच्या चंद्रकोरीची. भाऊबीजेला भाऊ नसलेली बहीण ओवाळते, तीही अशीच कोवळी कोर. तेव्हा यंदा ‘ईद कधी?’ असं विचारण्याऐवजी शेजाऱ्यासोबत गच्चीवर जावं. चार डोळे जास्त असले, की कोर लवकर सापडते.